शिस्तमहर्षींना अनावृत पत्र

मा. शिस्तमहर्षी यांस,


कर्वे रस्त्यावर तुमचं नवं होर्डिंग लागलंय, ते पाहिलं. कोट, हाताची घडी, गालातल्या गालात हसू आणि खाली जाड अक्षरांत : ‘एडीएचडी ही तुमची सुपरपॉवर! २१ दिवसांत फोकस मिळवा!’ फी चार आकडी, आधी नाव नोंदवणाऱ्यांना सवलत. अभिनंदन! गेल्याच वर्षी आमच्या कंपनीच्या मेळाव्यात कानाला माइक लावून तुम्ही ठणकावून सांगितलं होतंत की एडीएचडी-बिएडीएचडी काही नसतं, अमेरिकेची थेरं आहेत सगळी, आपल्या आजीला कुठे होतं एडीएचडी? सभागृह पोट धरधरून हसलं होतं. वर्षापूर्वी जे अस्तित्वातच नव्हतं, त्याची महाशक्ती करून तिला तिकीट लावायचं म्हणजे धंद्याची नजर लागते. ती तुमच्याकडे आहे, हे मान्य.

त्या सभागृहात मीही होते. चाळिशी ओलांडलेली साइट इंजिनिअर. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष आणि कृती आवरता न येण्याच्या विकाराचं, निदान त्या मेळाव्याच्या थोडं आधी झालेलं, आणि ते अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं. तुमचं भाषण ऐकल्यावर ते आणखी बरेच दिवस सांगितलं नाही.

आधी अमेरिकेच्या थेरांचं बघू. लक्ष एका जागी न ठरण्याचं वर्णन अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरने आपल्या पुस्तकात केलं ते १७९८ साली. तेव्हा पुण्यात दुसऱ्या बाजीरावांची पेशवाई होती. मोबाइल नव्हता, रील्स नव्हती, आणि अमेरिकेला स्वतंत्र होऊन पुरती पंचवीस वर्षंही झाली नव्हती. पुढे १९०२ मध्ये लंडनला जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने यावर व्याख्यानं दिली. बुद्धीने चांगली, पण स्वतःला आवरू न शकणारी मुलं त्याने पाहिली होती आणि त्यांच्या या अवस्थेला ‘नैतिक नियंत्रणातला दोष’ असं नाव दिलं होतं. म्हणजे तुमचा विचार नवा नाही महाराज, १९०२ सालचा आहे. फक्त स्टिल त्या मुलांना एकेक करून तपासत होता. तुम्ही अख्ख्या सभागृहाचं निदान व्यासपीठावरून करता. नंतर शास्त्र पुढे गेलं. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसलं की एडीएचडीच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे तीन चतुर्थांश आहे. मानसोपचारतज्ज्ञ जे निदानाचं अमेरिकी पुस्तक वापरतात, त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत मोठ्यांसाठी वेगळा निकष आला : मुलांमध्ये सहा लक्षणं लागतात, सतरा वर्षं पूर्ण झालेल्यांना पाच पुरतात, पण त्यांतली काही बारा वर्षांच्या आधीपासून दिसत असली पाहिजेत. चाळिशीत अचानक फुटणारं हे दुखणं नव्हे.

आणि आजीचं म्हणाल, तर वाड्यातल्या आजीचा दिवस आजीने आखलेला नसायचा. नळाला पाणी कधी, गिरणीचा भोंगा कधी, सणाला काय आणि एकादशीला काय, सगळं बाहेरून ठरलेलं. एकटीने बसून उरकायचं काम जवळजवळ नाहीच. पापड लाटायलासुद्धा चौघी जमायच्या. जे आधार उभे करायला आज समुपदेशक आम्हाला शिकवतात, ते आजीला वाड्याने आयते दिले होते. त्याची किंमत तिने स्वतःची मर्जी गहाण टाकून मोजली, तो भाग वेगळा. तरीही दर वाड्यात एक काकू असायचीच : दूध उतू घालवणारी, एक स्वेटर अर्धवट टाकून दुसऱ्याची लोकर आणणारी, लग्नाच्या गडबडीत मात्र शंभर पानांची पंगत एकहाती उठवणारी. तिला धांदरट म्हणायचे, वेंधळी म्हणायचे, आरंभशूर म्हणायचे. तिला डॉक्टरकडे कुणी नेलं नाही, म्हणून तुमच्या हिशेबात ती निरोगी.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते, ज्यावर सगळ्यांत मोठी टाळी पडली. ‘आवडत्या कामात लक्ष लागतं ना? मग नावडत्या कामात लागत नाही त्याला आजार म्हणत नाहीत, आळस म्हणतात. मनावर घ्या, सगळं होतं!’ या प्रश्नाचा पूर्वार्ध खरा आहे. म्हणूनच उत्तर जरा सविस्तर देते.

स्लॅबचा दिवस घ्या. सकाळी टेकू तपासायचे, सळईखाली कव्हर ब्लॉक नीट आहेत का ते वाकून बघायचं, इलेक्ट्रिशियनचे पाइप कुणी तुडवले नाहीत ना ते पाहायचं. पंपवाला उशीर करतो, त्याला फोन. आरएमसीची गाडी गेटवर आली की आधी चलन बघायचं, स्लम्प घ्यायचा, क्यूब भरायचे. प्लांटवर काँक्रीट गाडीत पडलं की साधारण दोन तासांत ते उतरलंच पाहिजे. मध्येच एक व्हायब्रेटर बंद पडतो, आभाळ भरून येतं, ठेकेदार आणि सेंट्रिंगवाला एकमेकांच्या अंगावर जातात. अशा दिवशी आमच्या साइटवर सगळे मला शोधत असतात. मला पंधरा आवाज एकदम ऐकू येतात आणि त्यांतला नेमका चुकणारा वेगळा ओळखू येतो. भूक लागत नाही, फोन आठवत नाही.

आता त्याच स्लॅबचं आरए बिल, म्हणजे झालेल्या कामाचं बिल, घ्या. मोजमापं वहीत आहेत, दर ठरलेले आहेत, एक्सेलमध्ये भरायचं आणि पाठवायचं. लॅपटॉप उघडते. वही काढते. वहीच्या समासात स्टीलवाल्याचा नंबर दिसतो. त्याला फोन करायचा राहिलाय. फोन हातात घेते तर सोसायटीच्या ग्रुपवर टाकी धुण्याची सूचना. टाकीवरून साइटच्या टाकीचं वॉटरप्रूफिंग आठवतं. त्याचं कोटेशन शोधायला मेल उघडते. मेलमध्ये विम्याचं स्मरणपत्र, मुदत उलटून गेलेली. तासाभराने मी चहाचा कप घेऊन खिडकीत उभी आणि बिलात फक्त तारीख पडलेली. आणि महर्षी, हा तासभर मी मजा मारत नसते. पोटात गोळा असतो. आळशी माणूस लोळतो तेव्हा निदान सुखात लोळतो. तेवढी चैनही आमच्या नशिबात नाही.

काँक्रीट थांबत नाही, बिल थांबतं, एवढाच दोन्हींतला फरक. पंधरा दिवसांनी बसणारा फटका बाकीच्यांना आज पुसटसा तरी जाणवतो, आणि त्या पुसट जाणिवेच्या जोरावर ते उठून कामाला लागतात. या जाणिवेला तुम्ही इच्छाशक्ती म्हणता आणि ती आपण कमावली असं समजता. आमच्या मेंदूत ती वेळेवर पोचत नाही. डोपामीन आणि नॉरअॅड्रेनलिन यांच्यावर चालणाऱ्या यंत्रणेचा यात हात आहे, असं संशोधक मानतात. काम समोर पेटलेलं असेल, नवं असेल, रंगतदार असेल किंवा कुणी दारात उभं असेल, तरच गाडी सुरू होते. रसेल बार्कली हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगत आलेत की काय करायला हवं ते आम्हाला पक्कं ठाऊक असतं. घोडं अडतं ते ठाऊक असलेलं वेळेवर हातून होण्यात. आणि तुम्ही तीन तास आम्हाला काय सांगितलंत? काय करायला हवं ते.

निघताना दारातल्या टेबलावर तुमचा प्लॅनर होता. मी घेतला. कोरी वही दिसली की आमच्यासारख्यांचा हात खिशात जातोच, आणि तुमच्या धंद्याचा अर्धा डोलारा त्या हातावर उभा असणार. ‘आजचे तीन संकल्प’, ‘आजची कृतज्ञता’, पाण्याच्या ग्लासांचे गोल रंगवायची जागा. जानेवारीतली सुरुवातीची पानं मी तीन रंगांच्या पेनांनी भरली, इतकी देखणी की त्यांचा फोटो तुम्ही जाहिरातीत वापराल. मग प्लॅनर ड्रॉवरमध्ये गेला. बंद ड्रॉवरमधली वस्तू आमच्या लेखी जगातून गेलेली असते.

पहाटे चारला उठण्याचा मंत्रही दिलात. एडीएचडी असलेल्या पुष्कळ मोठ्या माणसांचं शरीराचं घड्याळच मागे चालतं. झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन त्यांच्यात सुमारे दीड तास उशिरा वाढू लागतं, असं आढळलं आहे. त्यांना चारला उठवलंत तर हाती काय लागेल? झोप न झालेला एडीएचडी. आणि ते २१ दिवस! तो आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून आला. नाकाची शस्त्रक्रिया झाल्यावर आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातलं ‘निदान’ पुढे कुठे गळालं ते तुमच्या पेशातल्या लोकांनाच माहीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा मागोवा घेतला, तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८, कुणाचा हिशेब २५४ पर्यंत. तुम्ही नाक दुरुस्त करणार असाल तर होर्डिंग बरोबर आहे.

मेळाव्यानंतरच्या आठवड्यात मी धीर करून वरिष्ठांकडे एक साधी मागणी केली : तोंडी सूचनांबरोबर दोन ओळींचा मेसेज टाकत जा, आणि दर आठवड्याला बिलिंगसाठी दोन तास मला मीटिंगला बोलावू नका. ते हसले. ‘मॅडम, मनावर घ्या. सर म्हणाले ते आठवतंय ना?’ २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे ऑफिसात जी काही सोय व्हायची ती साहेबांच्या समजुतीवर होते, आणि साहेबांची समजूत तुम्ही तीन तासांच्या बोलीवर घडवून गेलात. आजीच्या विनोदावर मी रागावले नसते. या पत्राचं कारण साहेबांचं ते हसू आहे.

आता तुम्ही आमच्यासाठी वर्कशॉप काढलंच आहे, तर माझं कसं चालतं ते फुकट सांगते. नोट्स घ्या.

आमच्या ऑफिसात लेखा विभागात एक काका आहेत, निवृत्तीला टेकलेले. गुरुवारी दुपारी मी वही आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसते. ते त्यांची व्हाउचरं लावतात, मी बिल करते. बोलणं नाही. मध्ये एकदा ते चष्म्यावरून बघतात आणि दोन कटिंग मागवतात. बिल होतं. शेजारी कुणीतरी आपल्या कामात गुंतलेलं असलं की आपलंही काम सरकतं, या युक्तीला इंग्रजीत भारदस्त नाव आहे. काकांना ते माहीत नाही आणि त्यांची फीही नाही. शिवाय मी ठेकेदाराला आधीच सांगून ठेवते, ‘चार वाजता बिल देते, येऊन बसा.’ तो साडेतीनलाच येऊन बसतो. झाली गेटवर गाडी उभी.

घरी दूध शिटीच्या कुकरमध्ये तापतं. डाळी-साळी स्टीलच्या डब्यांतून काचेच्या बरण्यांत आल्या, कारण दिसलं नाही तर मी तिसऱ्यांदा तूरडाळ आणते. कोथिंबीर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काळी पडायची, ती आता दारातल्या कप्प्यात पेल्यात उभी असते. विजेचं बिल, विमा, हप्ते बँकेतून आपोआप जातात. दंड भरण्यात जेवढे पैसे घालवले तेवढ्यात एखादा फ्रिज आला असता. स्कूटरची किल्ली हेल्मेटमध्ये. फोनच्या कॅलेंडरवर पोचायची वेळ मी लिहीतच नाही, निघायची लिहिते. नवरा फॉर्म, बँक आणि शाळेचे मेल बघतो. रात्री अडीचला ताप चढला, पाहुणे न सांगता आले किंवा गॅलरीत पाणी तुंबलं, तर ते खातं माझं. सासूबाईंना ही वाटणी अजून पसंत नाही. ‘बाईच्या जातीला शोभतं का’ हे वाक्य अधूनमधून येतं. मी भाजी निवडत राहते.

यांतली एकही गोष्ट चारित्र्य सुधारण्याची नाही, हे तुम्हाला बहुधा खटकेल. सगळी आठवणशक्ती, सगळी घाई, सगळा धाक मी डोक्याबाहेर नेऊन भिंतीला, फोनला आणि काकांना टांगून ठेवलाय. त्यातलं एखादं काही महिन्यांत निकामी होतं, मग दुसरं शोधावं लागतं. तेही आता अपयश म्हणून मोजत नाही.

आणि गोळी. ‘मेंदूत रसायनं घालू नका’ असं म्हणून तुम्ही स्लाइडवर कवटी दाखवली होतीत. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या एका बालरुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरने मुलांची डोकेदुखी कमी व्हावी म्हणून बेन्झेड्रीन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखीचं काही झालं नाही, पण बऱ्याच मुलांचा अभ्यास अचानक सुधारला. मुलंच त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. तेव्हापासून उत्तेजक औषधांचा अभ्यास चालू आहे. त्यांतलं मिथाइलफेनिडेट आपल्याकडे मिळतं, ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, त्यामुळे डॉक्टरांची चिठ्ठी असूनही दुकानदार मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. सुरू करण्याआधी रक्तदाब आणि नाडी तपासली, अजूनही तपासतात. भूक मंदावते. सगळ्यांना सोसत नाही. काहींना अॅटोमॉक्सेटिन देतात, काही जण औषधाशिवाय निभावतात. गोळी बिल करून देत नाही. माझ्यात आणि बिलात जी पुरुषभर भिंत असते ती कमरेएवढी होते, ओलांडायची मलाच. अमेरिकी जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सची वैद्यकीय कागदपत्रं २०१६ मध्ये हॅकरांनी चव्हाट्यावर आणली, तेव्हा तिने सरळ सांगितलं की मला एडीएचडी आहे, लहानपणापासून औषध घेते आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्याच वर्षी तिने रिओत चार सुवर्णपदकं मिळवली होती. तिला मनावर घ्यायला सांगायला तुम्ही जाल का?

एका बाबतीत मी अर्धी तुमच्या बाजूने आहे. रील पाहून ‘अय्या, ही तर मीच’ म्हणणं म्हणजे निदान नव्हे. माझ्या डॉक्टरांनी शाळेची प्रगतिपुस्तकं मागवली, आईला बोलावून खोदून खोदून विचारलं, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पाहिलं, झोप आणि नैराश्य तपासलं. कारण लक्ष उडवणारी कारणं बरीच असतात. आईने सांगितलेल्या गोष्टींत दोन डबे, तीन छत्र्या आणि एक धाकटा भाऊ शाळेत विसरल्याच्या नोंदी होत्या. पण या चिकित्सेसाठी डॉक्टर लागतो, आणि तुमचा श्रोता तिथवर जाऊ नये याची तजवीज तुम्ही आधीच करून ठेवता.

आता सुपरपॉवर. स्लॅबचा दिवस वाचून तुम्हाला वाटलं असेल की हिला वर्कशॉपमध्ये मंचावर बोलवू. नको. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एडीएचडीचं निदान झालेल्या तीस हजारांवर प्रौढांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. अंदाज असा निघाला की इतरांच्या तुलनेत पुरुषांचं आयुर्मान सुमारे सात वर्षांनी कमी, स्त्रियांचं साडेआठहूनही जास्त वर्षांनी कमी. दोष थेट एडीएचडीचा, असं संशोधक म्हणत नाहीत. धूम्रपान, उपचारांविना राहिलेली दुखणी, वेळेवर न मिळालेली मदत अशा टाळता येण्याजोग्या कारणांकडे ते बोट दाखवतात. महाशक्तीने आयुष्य घटल्याचं मी कुठल्या पुराणात वाचलेलं नाही. आधी थेर म्हणून उडवायचं आणि मग वरदान म्हणून विकायचं. दोन्ही वेळा मदतीची गरज तेवढी गायब.

मागण्या थोडक्या आहेत. आजीचा विनोद काढा; नवा बसवा, तुम्हाला सुचेल. कवटीच्या स्लाइडच्या जागी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर टाका. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात. होर्डिंगवरचे २१ दिवस पुसा. आणि प्लॅनरचे पैसे परत करा. प्लॅनर कुरियरने पाठवते आहे, जानेवारीतली काही पानं सोडली तर कोरा करकरीत आहे. पुढच्या गिऱ्हाइकाला सहज खपेल.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपली,
मागच्या रांगेतली एक श्रोती

ता. क. पैसे यूपीआयने पाठवा, चेक नको. चेकची मुदत तीन महिने असते, आणि बँकेत जाऊन तो भरायचं काम माझ्याकडे आलं तर ते तुमच्या फायद्याचं ठरेल.